खेड्यात नेट, फोन अन् टीव्ही घेताना नेमकं काय तपासायचं? (यवतमाळ-चंद्रपूर पट्टा, बाकी विदर्भही चालेल)

कास्तकार_घाटंजी
नमस्कार मंडळी. गाव तालुक्यापासून १४ किमी. घरात पाच फोन, एक टीव्ही, शिकणारी दोन पोरं, शिवाय कृषी केंद्राच्या दुकानात चार कॅमेरे. पर्याय असे आहेत: भारतनेटच्या (ग्रामपंचायतींपर्यंत नेट नेणारी सरकारी योजना) फायबरवरून कनेक्शन देणारा गावातलाच एक पोरगा, तालुक्याच्या केबलवाल्याची फायबर (टीव्ही + नेट), एका खासगी कंपनीचं एअरफायबर (टॉवरच्या ५जी सिग्नलवरचं घरचं नेट), नाहीतर फोनचा हॉटस्पॉट. डिश सध्या आहे. प्लॅनचे तक्ते वेबसाईटवर दिसतात, ते इथं नकोत. कोणाला काय विचारायचं, बिघडते कुठं अन् काऊन, ते सांगा.

फायबर_जोडारी
प्लॅन सगळ्यात शेवटी बघा भाऊ. रोज चार तास लाईन बंद राहत असेल तर ३० एमबीपीएस काय अन् १०० काय. आधी पोराला अन् केबलवाल्याला, दोघांनाही विचारा की ओएलटी कुठं ठेवली आहे. ओएलटी म्हणजे ज्या पेटीतून गावभर प्रकाश जातो ती. तालुक्याच्या एक्स्चेंजमध्ये असेल तर तिथं बॅटऱ्यांची सोय असते. गावातल्या एखाद्या दुकानात किंवा ग्रामपंचायतीच्या खोलीत असेल तर बॅटरीवर किती तास चालते ते विचारा. घरचा इन्व्हर्टर चालू असूनही लाईट गेल्याबरोबर नेट जाते, त्याचं कारण बहुतेक वेळा तिथंच असते.

दुसरा प्रश्न स्प्लिटरचा, म्हणजे एका तारेतला प्रकाश अनेक घरांत वाटणाऱ्या तुकड्याचा (१:३२ म्हणजे एकाचे बत्तीस). ओएलटीतून साधारण अधिक ३ डीबीएम प्रकाश निघतो (डीबी-डीबीएम ही प्रकाशाची मापं, आकडा जितका उणे तितका प्रकाश कमी). १:३२ चा स्प्लिटर त्यातले १७ डीबी खातो, १:१६ चा साडेतेरा-चौदा, १:८ चा साडेदहा. फायबर स्वतः किलोमीटरमागे ०.३५ च्या आतच खाते. म्हणजे १:३२, ५ किमी अंतर, जोड-कनेक्टरचे २ डीबी धरले तरी घरात उणे १८ च्या आसपास आकडा यायला पाहिजे. घरच्या पेटीला (ओएनटी) उणे २७ पर्यंत समजते, त्याखाली लाल दिवा.

जोडणीच्या दिवशी पॉवर मीटर लावून आकडा दाखवायला सांगा अन् तो मार्करने पेटीच्या बुडाला लिहून ठेवा. उणे १५ ते उणे २३ उत्तम. उणे २५ असेल तर पूर्ण पैसे देऊ नका. आज चालेल, पण पावसाळ्यात जोडात ओल गेली की आणखी दोन-तीन डीबी जातात अन् लाईन बसते. मग “पावसानं नेट जाते” असं सगळे म्हणतात. पावसाचं अन् काचेच्या तारेचं काही वाकडं नाही, वाकडं आहे ते उघड्या जोडाचं.

आकडा हिशोबापेक्षा चार-पाच डीबीनं खाली असेल तर तीन जागा बघा: खिडकीच्या चौकटीत दबलेली तार, ३ सेंटीमीटरपेक्षा कमी गोलाईत वळवलेली तार, अन् कनेक्टरचा रंग. हिरवं टोक हिरव्यातच जाते, निळं निळ्यात. हिरवं निळ्यात ढकललं तरी बसते, पण त्याचं टोक तिरपं घासलेलं असते, काचेला काच नीट टेकत नाही.

दुर्गा_आर्णी
मीटर घेऊन कोणीच येत नाही आमच्याकडे. आपल्याला तो आकडा दिसू शकतो का?

फायबर_जोडारी
दिसतो ताई. वायफायला जोडून ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ उघडा (काही पेट्यांत १९२.१६८.१००.१). पासवर्ड पेटीच्या खालच्या स्टिकरवर असतो. आत “स्टेटस” किंवा “ऑप्टिकल” नावाच्या पानावर आरएक्स पॉवर (घरी पोचणारा प्रकाश) लिहिलेली असते. टीएक्स (पेटीतून परत जाणारा प्रकाश) वेगळी, ती साधारण अधिक १ ते ४ दिसेल, तिच्यावर जाऊ नका. काही कंपन्या हे पान ग्राहकाला बंद ठेवतात, तेव्हा कस्टमर केअरला विचारलं तर त्यांच्या पडद्यावर तो आकडा असतोच.

केबल_ऑपरेटर_वणी
जोडारी भाऊंचं सगळं बरोबर, पण खेड्यात फायबर ९० टक्के वेळा मरते ती खांबावर, स्प्लिटरमध्ये नाही. लाईन कुठून नेली ते डोळ्यानं बघा. रस्ता ओलांडताना तार साडेपाच-सहा मीटर उंच पाहिजे. वेचणीच्या दिवसांत कापसाची अन् नंतर कुटाराची ट्रॉली भरून निघते, तिला साडेचार मीटरवरची तार पुरत नाही. पोळा, गणपती, दुर्गा विसर्जन, डीजेची गाडी, हे वेगळेच.

दुसरं म्हणजे वानरं. घरापर्यंत येणाऱ्या चपट्या तारेला आधाराचा एक पोलादी दोर जोडलेला असतो. तो खांबाला अन् भिंतीच्या हुकाला स्वतंत्र बांधला पाहिजे. सगळा ताण फायबरवर दिला अन् वानरानं त्यावर झोका घेतला की तार तुटत नाही, पण आतून चिरते. नेट चालू-बंद, चालू-बंद. ही तक्रार शोधायला सगळ्यात अवघड. वानराचा रस्ता ठरलेला असतो, कडुनिंबावरून कवेलूवर अन् तिथून पिंपळावर. त्या रस्त्यात तार टाकू नका, दहा मीटर वळसा गेला तरी चालते.

जमिनीतून येणारी असेल तर धुऱ्यावरून का पांदणीतून ते विचारा. पांदण रस्त्याचं काम निघालं की जेसीबी आलाच.

टीव्ही अन् नेट एकाच तारेवर देताना दोन पद्धती असतात, हे लोकांना कोणी सांगत नाही. एक: टीव्हीचे चॅनल नेटमधूनच येतात, म्हणजे मागची लिंक गेली की टीव्हीही गेला. दोन: त्याच काचेतून १५५० नॅनोमीटरच्या वेगळ्या प्रकाशावर टीव्ही येतो अन् पेटीला मागे डिशच्या तारेसारखं गोल स्क्रूचं तोंड असते. नागपूरची लिंक तुटली तरी यात टीव्ही चालू राहतो. घरात म्हातारी माणसं असतील तर दुसरी पद्धत बघून घ्या.

वायरमन_दर्यापूर
मी नेटवाला नाई, लाईनवाला. पण जळालेल्या राऊटरचं खापर नेटवाल्यावर फुटते म्हनून सांगतो. खेड्यात राऊटर बहुतेक दोन कारनानं मरते.

पयलं, न्यूट्रल. डीपीवरचा (गावच्या ट्रान्सफॉर्मरवरचा) न्यूट्रल सैल झाला का तुटला तं एका फेजवरच्या घराले ३५०-४०० व्होल्ट जाते अन् दुसऱ्याले ८०. अडॅप्टर १०० ते २४० वर चालते, त्याच्यावर नाई. बल्ब एकदम पांढरेफटक दिसले का पयले मेन बंद करा, मंग फोन लावा. कायमचा इलाज म्हंजे मेनबोर्डात ओव्हर-व्होल्टेज कट करनारं यंत्र, साधारन २७० च्या आसपास तोडनारं. दोनशे रुपयाच्या स्पाईक गार्डची पट्टी ह्या कामाची नाई, थे फक्त क्षनभराचा झटका खाते. ४०० व्होल्ट पाच मिनिटं रायले तं थे सोता जळते.

दुसरं, वीज पडनं. काचेच्या तारेतून करंट येत नाई हे खरं. पन वर केबलवाले भाऊ म्हनले तो पोलादी दोर घरात घेऊ नका. भिंतीबाहेरच्या हुकापाशीच तोडा, आत फक्त काच जाऊ द्या. टेरेसवरून येनारी लॅनची तार अन् डिशची तार मात्र तांब्याच्या, मृगात ढग गडगडले का दोन्ही मागून उपटून ठेवा. स्विच बंद करून भागत नाई.

बॅकअपचं: राऊटर १२ व्होल्टचं, खाते ८ ते १० वॅट. अख्खा इन्व्हर्टर त्याच्यासाठी नको. १२ व्होल्टचा मिनी यूपीएस घ्या. आत २६०० एमएएचचे ४ सेल असले तं साधारन ३८ वॅट-तास होते, म्हंजे तीन तास. डब्ब्यावर “१०,४०० एमएएच” लिवलेलं रायते, थे ३.७ व्होल्टवरचं गनित हाये, त्याले पाहून आठ तास धरू नका. अडॅप्टरवर १२ व्होल्ट किती अँपिअर लिवलं ते पाहा. १.५ असलं तं यूपीएस २ अँपिअरचा पायजे, नाई तं राऊटर घडी घडी रीस्टार्ट मारते.

टिनाखालचा
राऊटर कुठं ठेवायचा यावरही लिहा कोणी. मे महिन्यात दुपारी एक ते पाच नेट जाते अन् संध्याकाळी आपोआप येते.

फायबर_जोडारी
ते गरमीनं. घरगुती पेट्या बहुतेक ४० अंशापर्यंतच्या असतात, काही ४५. तुमच्या टिनाखाली माळ्याच्या उंचीवर मेमध्ये त्याच्या वर पारा असतो. पेटी छताजवळच्या फळीवरून काढून उत्तरेकडच्या भिंतीवर कमरेच्या उंचीला लावा, उभी, मागून हवा खेळेल अशी. टीव्हीच्या मागे अन् फ्रिजवर नको. मातीची दीड फुटी भिंत असेल तर ५ गीगाहर्ट्झचं वायफाय पलीकडच्या खोलीत मरते, २.४ जाते. दोघांची नावं वेगळी ठेवा, फोन आपोआप चुकीचं पकडतो.

मेळघाट_टॉवर
फायबर येईल तेव्हा येईल, धारणी-चिखलदऱ्याकडच्या लोकांना आधी मोबाईलच. सिम बदलण्याआधी गावातल्या चार घरी तीन कंपन्यांचे फोन उघडून बघा, पण कांड्या मोजू नका. अँड्रॉइडमध्ये *#*#४६३६#*#* डायल केलं की बऱ्याच फोनमध्ये सिग्नलचं पान उघडते, नाहीतर सेल माहिती दाखवणारं कोणतंही फुकट ॲप. दोन आकडे बघायचे. आरएसआरपी (सिग्नलची ताकद) उणे ९० च्या वर असेल तर छान, उणे १०५ नंतर रडगाणं, उणे ११५ ला विसरा. दुसरा एसआयएनआर (सिग्नल गोंगाटापेक्षा किती वरचढ ते): १३ च्या वर उत्तम, शून्याच्या खाली असेल तर कांड्या पूर्ण असूनही पान उघडणार नाही, कारण दोन टॉवर एकमेकांवर ओरडत आहेत.

चाचणी दुपारी नको, रात्री ८ ते १० मध्ये करा. सगळं गाव जेवून मोबाईलवर बसते तेव्हा खरा वेग कळते.

बँडचंही बघा, म्हणजे सिग्नल कोणत्या मेगाहर्ट्झवर चालते ते. डोंगर, सागाचं जंगल, मातीच्या भिंती यातून ७००, ८५०, ९०० मेगाहर्ट्झ आत शिरतात. १८००, २३०० बाहेर अंगणातच राहतात. बीएसएनएलचं देशी ४जी २७ सप्टेंबर २०२५ ला देशभर सुरू झालं, ते ७०० अन् २१०० वर चालते. ७०० म्हणजे बँड २८. जुन्या फोनमध्ये बँड २८ नसेल तर टॉवर समोर असूनही ४जी दिसणार नाही. सिम पोर्ट करण्याआधी फोनच्या मॉडेलची बँड यादी तपासा, हे दहा मिनिटांचं काम आहे.

आणि एक. गडचिरोली-मेळघाटात काही टॉवर मागून उपग्रहाला जोडलेले असतात. सिग्नल उणे ८०, पण पिंग (उत्तर परत यायला लागणारा वेळ) ६०० मिलिसेकंद. उपग्रह ३५,७८६ किमीवर आहे, विचारणं अन् उत्तर दोन्ही तिथून फिरून येतात, त्यातच बहुतेक वेळ जातो. पिंग एवढा दिसला तर अँटेना, राऊटर, काहीही विकत घेऊन उपयोग नाही. तिथं फोनवर बोलणं अन् व्हॉट्सॲप, एवढंच.

दुर्गा_आर्णी
बाजारात सिग्नल बूस्टर मिळतात ते लावावे का?

मेळघाट_टॉवर
नाही ताई. परवानगीशिवाय लावणं बेकायदा आहे, अन् तुमच्या बूस्टरच्या गोंगाटानं अख्ख्या टॉवरचं वाटोळं होते. त्यापेक्षा बाहेर लावायचा ४जी राऊटर घ्या, टेरेसच्या पाईपवर टॉवरकडे तोंड करून. त्यातून लॅनची तार खाली आणा. अँटेना वर अन् राऊटर खाली, मध्ये १० मीटर बारीक आरजी-५८ तार, हे करू नका. ती १८०० ला मीटरमागे अर्ध्या डीबीहून जास्त खाते, अँटेनाची सगळी कमाई तारेतच जिरते. लॅन तारेत ते नुकसान नाही.

नेट_मास्तर_अकोट
एअरफायबरचा विचार करणाऱ्यांसाठी. नावात फायबर आहे, पण घरापर्यंत येतो तो ५जी सिग्नलच. गच्चीवर एक डबी लागते, तिचं तोंड टॉवरकडे. म्हणून वर मेळघाटच्या भावांनी सांगितलेली सगळी तपासणी इथंही लागू, आणि टॉवरची बॅटरी संपली की हेही बंद. कंपनीच्या ॲपवर “उपलब्ध” दाखवते ते पिनकोडवरून. एका पिनकोडात वीस गावं असतात. बसवायला आलेल्या पोराकडून डबी पाईपला बांधण्याआधी हातात धरून वेग तपासून घ्या.

डेटाची मर्यादा बघा. या प्रकारच्या बऱ्याच प्लॅनमध्ये महिन्याला १ टीबी असते, फायबरवर ३.३ टीबी. धागाकर्त्याच्या चार कॅमेऱ्यांचा हिशोब करून बघू. २ एमबीपीएसचा एक कॅमेरा चोवीस तास क्लाउडवर चढवला तर दिवसाला २१.६ जीबी. चार कॅमेरे ८६ जीबी, महिन्याला अडीच टीबीच्या वर. एअरफायबर बारा दिवसांत संपलं. रेकॉर्डिंग दुकानातल्याच डीव्हीआरच्या हार्ड डिस्कवर ठेवा, नेट फक्त बघतानाच लागेल. अन् कॅमेऱ्याला अपलोड लागते, डाउनलोड नाही. दुकानदाराला विचाराल तर तो डाउनलोडचाच आकडा सांगेल.

किमतीचं एकच: फायबर-एअरफायबरचे जाहिरातीतले भाव जीएसटी सोडून असतात. ३९९ म्हणजे ४७१, ५९९ म्हणजे ७०७. प्रीपेड मोबाईल रिचार्जमध्ये जीएसटी आतच असतो. तुलना करताना इथंच फसगत होते.

सागवान_केळापूर
आमच्याकडे तिसरा प्रकार आहे. तालुक्यातला एक जण टॉवरवरून ५ गीगाहर्ट्झच्या रेडिओनं नेट देतो, घरावर छोटी ताटली. उन्हाळ्यात झकास चालते, जुलैपासून मरते. काऊन?

नेट_मास्तर_अकोट
तुमच्या नावातच उत्तर आहे. साग उन्हाळ्यात बोडखा असतो, पावसाळ्यात एवढाली पानं फुटतात अन् ती ओली. ५ गीगाहर्ट्झला ओलं पान म्हणजे भिंत. आणि ताटलीवरून टॉवर नुसता दिसला म्हणजे झालं नाही, मधल्या जागेत फुग्यासारखी मोकळीक लागते. ३ किमीच्या लिंकला अगदी मध्यावर त्या फुग्याची त्रिज्या ६ मीटरच्या आसपास, त्यातली किमान ६० टक्के, म्हणजे पावणेचार मीटर मोकळी पाहिजे. झाडाचा शेंडा नजरेच्या रेषेखाली दोनच मीटर असेल तर एप्रिलमध्ये चालेल अन् ऑगस्टमध्ये नाही. पाईप तीन मीटर वाढवा, तीन बाजूंनी ताणतारा द्या. असं कनेक्शन नवीन घेणार असाल तर पोळ्याच्या सुमारास चाचणी करून घ्या, होळीला नाही.

डिशबाबू
टीव्हीवर येतो. पहिले फुकटचं: डीडी फ्री डिश. महिन्याचा खर्च शून्य, एकदाच ताटली अन् बॉक्स. बॉक्स एमपीईजी-४ चाच घ्या, जुन्या एमपीईजी-२ वर निम्मेच चॅनल येतात. डीडी सह्याद्री आहे. खासगी मराठी वाहिन्यांची यादी लिलावागणिक बदलते, म्हणून ठराविक मालिकाच पाहिजे असेल तर यावर अवलंबून राहू नका.

बसवताना: उपग्रह ९३.५ अंश पूर्व. यवतमाळ-वर्धा भागातून दिशा आग्नेय, होकायंत्रावर साधारण १४२, उंची आकाशात ६० अंश. आता इथं लोक चुकतात. ऑफसेट ताटलीचं तोंड प्रत्यक्ष दिशेपेक्षा २५ अंश खाली दिसते, म्हणून ताटली ३५ अंशच वर बघते असं वाटेल. ते बरोबर आहे. बॉक्समध्ये एलएनबी (ताटलीसमोरच्या दांडीवरचं सिग्नल पकडणारं यंत्र) ९७५०/१०६०० निवडा. एलएनबीचा स्क्रू ढिला ठेवून थोडा थोडा फिरवा, “क्वालिटी”ची पट्टी बघा. “स्ट्रेंग्थ” नुसत्या तारेनंही येते.

पैशाच्या डिशवाल्यांचे उपग्रह वेगळे, त्यामुळे घराभोवतीची झाडं बघून कंपनी निवडता येते. टाटा प्ले ८३ अंशावर, विदर्भातून जवळजवळ दक्षिणेला अन् ६५ अंश वर, म्हणून झाड आडवं येणं अवघड. एअरटेल १०८.२ वर, पूर्व-आग्नेयेला अन् ४८ अंशच वर. पूर्वेला आंबा किंवा शेजाऱ्याची माडी असेल तर अडते. जोरदार पावसात कोणतीही डिश पाच-दहा मिनिटं जाणार, केयू बँडचा (डिश ज्या लहरींवर चालते त्यांचा) तो स्वभाव आहे. पण रिमझिमीतही जात असेल तर ताटली हललेली आहे. वारा-वादळानंतर, अन् वानर बसून गेल्यावर, नटबोल्ट तपासा.

केबल_ऑपरेटर_वणी
बिलाचं सांगतो, कारण “३०० च्या वर जाते” हे सगळ्यांचंच रडणं. बिलात दोन भाग असतात. एक एनसीएफ, म्हणजे तार-ताटलीचं भाडं. पूर्वी त्याला १३० रुपये अधिक जीएसटी अशी वरची मर्यादा होती अन् त्यात २०० चॅनल. २०२४ मध्ये ट्रायनं (फोन-टीव्हीवाल्यांचे नियम ठरवणारी सरकारी संस्था) ती मर्यादा काढली, आता ज्यानं त्यानं ठरवायचं, म्हणून विचारा. दुसरा भाग पैशाचे चॅनल. गुच्छात वीस चॅनल घेता अन् बघता चार. मराठी मनोरंजनाचे दोन-तीन अन् बातम्या सुटे निवडून बघा, ॲपवर दहा मिनिटांत होते. क्रिकेट असेल त्या महिन्यापुरतं खेळाचं चॅनल जोडा, मग काढा. आमच्या धंद्याला हे बरं नाही, पण खरं आहे.

सिरोंचा_काठ
घरच्या म्हाताऱ्यांच्या फोनला नेट लागत नाही, तरी २८ दिवसांचा डेटाचा रिचार्ज मारावा लागते. यावर काही?

मेळघाट_टॉवर
आता लागत नाही. ट्रायच्या डिसेंबर २०२४ च्या नियमानंतर कंपन्यांना फक्त बोलणं-एसएमएसचा रिचार्ज ठेवावाच लागतो. ८४ दिवसांचा अन् जवळपास वर्षाचा, दोन्ही मिळतात. दुकानदार आपणहून दाखवत नाही, ॲपमध्ये सगळ्यात खाली असतो. घरात फायबर वायफाय आलं की पोरांच्या फोनलाही दिवसाला २ जीबीचा महाग प्लॅन लागत नाही. हिशोब करताना फायबरच्या बिलातून ही बचत वजा करा, पाच फोन म्हणजे लहान रक्कम नाही. टिनाच्या घरात सिग्नल येत नसेल तर वायफाय कॉलिंग चालू करा, सेटिंगमध्ये असते, फोन राऊटरवरून लागते.

पोर्ट करायचं तर १९०० वर इंग्रजीत पोर्ट, एक जागा सोडून आपला नंबर, असा एसएमएस. आलेला कोड ४ दिवस चालतो. सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले पाहिजेत, अन् सिम नुकतंच बदलून घेतलं असेल तर ७ दिवस थांबा. महाराष्ट्र सर्कलमध्ये ३ कामाच्या दिवसांत होते. सगळे फोन एकाच कंपनीचे करू नका. पाचातले दोन एका कंपनीचे ठेवा, तीन दुसऱ्या कंपनीचे. एक टॉवर बसला तर दुसऱ्यावर भागते.

सिरोंचा_काठ
स्टारलिंकच्या उपग्रहावरून येणाऱ्या नेटचं काय? गडचिरोलीचं नाव ऐकलं होतं.

नेट_मास्तर_अकोट
नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्य सरकारनं त्यांच्याशी इरादापत्र केलं, त्यात गडचिरोली, वाशीम, नंदुरबार, धाराशिव ही नावं होती. ते शासकीय संस्था अन् दुर्गम भागांसाठी. व्हॉट्सॲपवर “बुकिंग ५०० रुपये” असा दुवा आला तर हात लावू नका.

दुर्गा_आर्णी
भारतनेटवाल्या पोराकडून सहा महिन्यांचे पैसे आगाऊ दिले तर सूट मिळते. द्यावे का?

केबल_ऑपरेटर_वणी
पहिले दोन महिने महिनावारीच. या दोन महिन्यांत एकदा तरी लाईन तुटेलच, तेव्हा कळेल किती वेळात जोडते. जोडायचं यंत्र (स्प्लायसिंग मशीन) त्याच्याकडे आहे का तालुक्यावरून मागवावं लागते, हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, माझ्या मते प्लॅनपेक्षाही. आणि पावती कोणाच्या नावानं येते ते बघा. बिल मूळ कंपनीच्या नावानं, तुमच्या ग्राहक क्रमांकासह आलं तर तक्रार करायला जागा आहे. पोराच्या फोनपेवर पाठवून नुसता “ओके” आला तर नाही.

फायबर_जोडारी
त्यालाच जोडून. ओएनटी तुमची का त्यांची, तेही लिहून घ्या. स्वतः विकत आणलेली पेटी तिचा अनुक्रमांक ओएलटीत नोंदवल्याशिवाय चालत नाही, म्हणून ऑनलाईन स्वस्त घेण्याआधी विचारा. आणि जुन्या तांब्याच्या लँडलाईनसारखं आता नाही: ओएनटीतून येणारा लँडलाईन फोन लाईट गेली की मुका होतो.

तक्रारीचा रस्ता: आधी कस्टमर केअर, तक्रार क्रमांक घ्याच. समाधान नाही झालं तर ३० दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे, ते फुकट आहे, ३९ दिवसांत निकाल द्यावा लागतो. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार घेत नाही, तिकडे पत्रं पाठवत बसू नका. पुढे ग्राहक हेल्पलाईन १९१५ किंवा जिल्हा ग्राहक आयोग. तुमच्या पिनकोडात तारेचं नेट कोण कोण देते ते संचार साथी पोर्टलवर दिसते, तिथूनही एखादं नाव सापडेल.

कास्तकार_घाटंजी
सगळ्यांचे आभार. पोराच्या घरची ओएनटी उघडून पाहिली: आरएक्स उणे २६.४. त्याच्या शेजारच्या घरी उणे १९.८. दोघंही एकाच खांबावरच्या डब्यातून.

फायबर_जोडारी
मग खांबापर्यंत सगळं ठीक आहे, साडेसहा डीबी डब्यातल्या त्याच्या तोंडात, त्याच्या तारेत किंवा टोकात जात आहेत. क्रमानं करा. आधी ओएनटीचं कनेक्टर काढून स्पिरिट लावलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडानं पुसा. टोकाकडे डोळा लावून बघायचं नाही, प्रकाश दिसत नाही पण असतो. पुन्हा आकडा बघा. फरक नाही पडला तर खांबावरच्या डब्यात त्याचं अन् शेजाऱ्याचं टोक आपापसात बदला. उणे २६ शेजाऱ्याकडे गेला तर स्प्लिटरचं ते तोंड खराब, रिकामं दुसरं असेल तर त्यावर घ्या. उणे २६ त्याच्याकडेच राहिला तर लाल लेझरचा पेन कनेक्टरमध्ये लावून रात्री तारेवरून चालत जा, जिथं तार चिरली असेल तिथं लाल ठिपका चमकतो. बहुतेक तो भिंतीच्या हुकापाशीच सापडेल. जोडून झाल्यावर उणे २१ च्या वर आणला तरच तुमच्या घरची जोडणी त्याच्याकडून करून घ्या.